डोक्यावरचा तवा

(नभोवाणीवरील भाषण)

गच्चीखालच्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाचे उन्हाळ्यातले घड्याळ इतरांहून निराळे असते. साऱ्या गावाला दुपारी दोन वाजता उकडते. त्याला खरे उकडते ते रात्री दहा वाजता. बाहेर वारा सुटलेला असतो, खालच्या मजल्यावरची मंडळी अंगणात खुर्च्या टाकून गप्पा मारीत बसलेली असतात, आणि हा मात्र पंख्याखाली बसून, पंखा वारा का देत नाही, ऊनच का देतो, याचा विचार करीत असतो. हा अनुभव मी हैदराबादच्या विद्यानगरात काही वर्षे घेतला आहे. म्हणून आज घर थंड राखण्याच्या विषयावर दोन शब्द बोलण्याचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

विद्यानगर ही उस्मानिया विद्यापीठाला लागून असलेली वसाहत. खाली घरमालक आणि वर भाडेकरू, अशी घरे तिथे गल्लोगल्ली आढळतात. भाडेकरूंत विद्यार्थी पुष्कळ. मराठी कुटुंबेही या शहराला नवी नाहीत. १९५६ पर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे हैदराबाद संस्थानात व नंतरच्या हैदराबाद राज्यात होते, त्या काळापासूनचे हे येणे-जाणे आहे. आम्ही राहत होतो दुसऱ्या मजल्यावर. आमच्या डोक्यावर पाच इंचांचा सिमेंट-काँक्रीटचा स्लॅब आणि त्याच्यावर एकदम आकाश.

एका वैशाखात नांदेडकडची माझी आत्या आमच्याकडे आली. सारे आयुष्य माळवदाच्या घरात काढलेली बाई. पहिल्याच रात्री ती उठून बसली, वर छताकडे पाहिले आणि म्हणाली, "अरे बाबा, डोक्यावर तवा ठेवून खाली पंखा काय फिरवतोस? आधी तवा तर उतरव!"

त्या वेळी आम्ही हसलो. परंतु पुढे या विषयावर जे जे वाचले, त्याचे सार आत्याच्या त्या एका वाक्यात आधीच आलेले होते, असे मला आढळून आले.

आत्याचे माळवद कसे होते, ते थोडक्यात सांगतो. लाकडी तुळया, त्यांवर आडवी बारीक लाकडे, त्यांवर पाला आणि त्याच्यावर चांगला हातभर जाडीचा मातीचा थर. वरची माती पांढरी. भिंतीही तशाच जाड. दिवसभराचे ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत सूर्य मावळलेला असे, आणि रात्रीच्या गार वाऱ्याने ती माती पुन्हा निवत असे. या घरांना दोष नव्हते असे नाही. दरवर्षी माती घालावी लागे, पावसात गळती होई, आणि भूकंपात ते ओझे किती घातक ठरते हे १९९३ साली किल्लारीने आपल्याला दाखविले. त्या घरांकडे परत जा, असे मी कोणालाही सांगणार नाही. परंतु ती टाकताना त्यांतले शहाणपणही आपण टाकून दिले, हे मात्र खरे.

आता हा तवा किती तापतो, त्याचा हिशेब पाहू. हैदराबादेत मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास माध्यान्ही सूर्य अगदी डोक्यावर येतो, इतका की उभ्या काठीची सावली पडत नाही. अशा वेळी भिंतींवर ऊन तिरपे पडते आणि छतावर सरळ. निरभ्र दुपारी एका चौरस मीटरवर सुमारे एक किलोवॉट उष्णता पडत असते. दहा फूट रुंद आणि बारा फूट लांब खोलीच्या छतावर अशी सुमारे अकरा किलोवॉट उष्णता येते. म्हणजे दोन-दोन किलोवॉटच्या पाच विजेच्या शेगड्या कोणीतरी छतावर पेटवून ठेवाव्यात, तसे हे झाले. त्यातली सगळीच काही खाली येत नाही. काही वारा नेतो, काही छत परत आकाशात टाकते. परंतु जुने, काळवंडलेले काँक्रीट पडलेल्या उन्हातला निम्म्याहून अधिक भाग शोषून घेते. ती उष्णता स्लॅबमध्ये साठते आणि काही तासांनी, आपण जेवून आडवे होण्याच्या बेतात असताना, सावकाश खाली उतरू लागते. रात्री दहाचे कोडे ते हेच.

यावर आपण करतो काय? बाजारात जाऊन वातानुकूलन यंत्र आणतो. त्या यंत्राचे काम लोक समजतात तसे गारवा निर्माण करण्याचे नाही. ते घरातली उष्णता उपसून बाहेर टाकते, विहिरीतले पाणी मोटेने उपसावे तसे. एक युनिट वीज खर्चून ते साधारणपणे तीन युनिटे किंवा त्याहून काहीशी अधिक उष्णता बाहेर टाकते. यंत्र म्हणून ही कामगिरी उत्तमच आहे. आपण ज्याला 'एक टनाचे यंत्र' म्हणतो, त्यातला टन यंत्राच्या वजनाचा नसून बर्फाचा आहे. चोवीस तासांत एक टन बर्फ वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उपसण्याची त्या यंत्राची शक्ती असते. ती साडेतीन किलोवॉट भरते. आणि आमच्या त्या लहानशा खोलीच्या छतावर माध्यान्ही पडत होती अकरा! विहीर उपसायला मोट लावावी आणि दुसऱ्या बाजूने पाट तिच्यात सोडून द्यावा, असाच हा प्रकार. शिवाय उपसलेली उष्णता जाते कुठे? अरुंद गल्लीत, समोरच्या घराच्या खिडकीसमोर. ज्याच्याकडे यंत्र नाही, त्याच्या वाट्याला स्वतःचा उन्हाळा आणि वर शेजाऱ्याचाही.

म्हणून या कामात क्रम महत्त्वाचा आहे. प्रथम ऊन अडवावे, मग वारा खेळवावा, आणि शेवटी गरज उरलीच तर यंत्र लावावे.

ऊन अडविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे छत पांढरे करणे. गच्ची झाडून, धुऊन, भेगा बुजवून, चिकटपणासाठी योग्य द्रव्य घातलेल्या चुन्याचे दोन हात उन्हाळ्याच्या तोंडावर द्यावेत. पांढरा पृष्ठभाग पडलेल्या उन्हाचा मोठा भाग परत पाठवितो, आणि भर दुपारी काळ्या व पांढऱ्या छतांच्या पृष्ठभागांत वीसएक अंशांचाही फरक पडतो. चुना पावसाने धुपतो, धुळीने मळतो. म्हणून तो दरवर्षी द्यावा लागतो. अधिक खर्चाची तयारी असेल, तर खास परावर्तक रंग आहेत, पांढऱ्या चिनी फरशीच्या तुकड्यांची गच्ची आहे. पश्चिमेच्या खिडकीला आतून पडदा लावण्यापेक्षा बाहेरून ताटी लावावी. कारण काचेतून ऊन एकदा आत आले, की पडदा त्याला बाहेर घालवू शकत नाही.

मग वारा. नेहमीचा छताचा पंखा पाऊणशे वॉटच्या आसपास वीज खातो. नव्या धर्तीच्या मोटरचा पंखा तितकाच वारा तीसेक वॉटमध्ये देतो. दिवसाला पंधरा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सुमारे वीस युनिटे वाचतात. आणि कूलर? हैदराबादचा एप्रिल-मे कोरडा असतो, त्यामुळे वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडून खोली निवविण्याची जुनी रीत इथे चांगली चालते. कूलर हे तिचेच यांत्रिक रूप. मात्र त्याला समोरची खिडकी उघडी हवी आणि पाणीही हवे. दमट मुंबईत किंवा पावसाळ्यात त्याचा उपयोग नाही. यंत्रच लावायचे, तर ते अठरा अंशांवर ठेवून वर रजई पांघरण्यात काय शहाणपण? १ जानेवारी २०२० पासून आपल्याकडच्या तारांकित वातानुकूलन यंत्रांना मूळ तापमान २४ अंशांचे ठेवण्याचा नियम लागू झाला. एकेक अंश वर नेल्याने सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे म्हणणे आहे.

हिवाळ्याचीही काळजी कोणी विचारील: पांढऱ्या छताने घर थंडीत गारठणार नाही काय? थोडे गारठेल. परंतु हैदराबादेत खोली तापविण्याची पाळी क्वचितच येते. इथे तापवायचे ते स्नानाचे पाणी. एक बादली पाणी वीस अंश तापवायला सुमारे एक-तृतीयांश युनिट वीज पुरते. ज्या गच्चीवरून ऊन परत पाठवायचे, तिच्याच एका कोपऱ्यात सौर बंब बसविला, तर ते पाणी सूर्यच तापवून देतो.

हे नुसते पुस्तकी बोलणे नाही. विद्यानगरातून चालत विद्यापीठात गेले, की कला महाविद्यालयाची भव्य वास्तू दिसते. ४ डिसेंबर १९३९ रोजी तिचे उद्घाटन झाले. जाड दगडी भिंती आणि उंच छते यांचा गुण तिथे पाऊल टाकताच जाणवतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला, हायटेक सिटीजवळ, सोहराबजी गोदरेज हरित व्यवसाय केंद्र आहे. १४ जुलै २००४ रोजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ते उघडले गेले. पर्यावरणानुकूल इमारतींचे 'लीड' या पद्धतीतील सर्वोच्च मानांकन अमेरिकेबाहेर प्रथम मिळविणारी ही वास्तू. तिच्यात दोन वारा-मनोरे आहेत. त्यांत बाहेरची हवा पाण्याने आधी निववून घेतात आणि मगच यंत्राकडे धाडतात. छतावर हिरवळ आहे, मध्ये चौक आहे, भिंतींना जाळ्या आहेत. म्हणजे तिथेही क्रम तोच: आधी ऊन अडवा, मग यंत्र.

आणि गरिबांच्या वस्तीचे काय? हैदराबादच्या देवरकोंडा बस्तीत २०१७ साली सुमारे पंचवीस लहान घरांच्या छतांवर परावर्तक आच्छादन घालून एक प्रयोग झाला. त्या घरांतली हवा शेजारच्या तशाच घरांपेक्षा सरासरी दोन अंशांनी थंड राहिली. दोनच अंश, असे कोणी म्हणेल. परंतु तान्हे मूल, आजारी म्हातारा आणि परीक्षेचा विद्यार्थी यांना त्या दोन अंशांत झोप लागते किंवा लागत नाही.

अशा अनुभवांतूनच पुढे ३ एप्रिल २०२३ रोजी तेलंगणने शीत छत धोरण जाहीर केले. राज्याच्या पातळीवर असे धोरण भारतात प्रथमच आले. २०२८ पर्यंत तीनशे चौरस किलोमीटर छते शीतल करायची, त्यांपैकी दोनशे हैदराबाद परिसरात, असा त्याचा संकल्प. सरकारी व व्यापारी इमारतींना ते बंधनकारक ठरविले. राहत्या घरांत मात्र सहाशे चौरस यार्ड किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या घरांनाच. त्याहून लहान घरांना ते ऐच्छिक राहिले.

श्रोतेहो, माझे खरे म्हणणे इथून सुरू होते. विद्यानगरातली जी घरे मी पाहिली, त्यांतली बहुतेक या मर्यादेच्या खालची. आणि अशा घरांत छताचा मालक राहतो खाली, छताची झळ सोसणारा राहतो वर. विजेचे बिल भरतो भाडेकरू. चुन्याचा खर्च करायचा मालकाने. मालकाला वाटते, मला तर उकडत नाही, मी खर्च का करू? भाडेकरूला वाटते, उद्या घर सोडायचे, परक्याच्या गच्चीवर मी पैसे का घालू? दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर, आणि या दोन बरोबर म्हणण्यांच्या मध्ये छत काळेच राहते.

आमच्याकडेही असेच होते. मी घरमालकांकडे दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी चहा दिला आणि विषय बदलला. शेवटी आत्याच त्यांच्या आईपाशी जाऊन बसली. एकीला तेलुगू, दुसरीला मराठी; मधे मोडकी हिंदी. त्यांत काय ठरले ते मला कळले नाही, पण सायंकाळी घरमालक स्वतः वर आले आणि म्हणाले, "चुना तुम्ही आणा, मजुरी मी देतो, पण भेगा नीट बुजवून घ्या, मला गळतीची भीती आहे." त्या रविवारी गच्ची पांढरी झाली. काही चमत्कार घडला नाही. पंखा लागतच होता, मेचा ताप मेइतकाच होता. परंतु रात्री छताला हात लावला तर चटका बसेना, आणि आत्या, जी तोवर अंथरूण घेऊन गच्चीवर जात असे, ती खोलीत झोपू लागली.

म्हणून घरमालकांना माझी विनंती आहे, की रंगरंगोटीच्या खर्चात गच्चीचा चुनाही धरावा. पांढऱ्या छताचा स्लॅब कमी तापतो, कमी भेगाळतो, म्हणजे लाभ त्यांचाही आहे. भाडेकरूंनी संकोच न करता बोलणे काढावे, आणि अर्धा वाटा उचलण्याची तयारी ठेवावी. कायदा पोहोचत नाही, तिथे शेजारधर्माने पोहोचायला काय हरकत आहे? उन्हाळा दरवर्षी येणार. डोक्यावरचा तवा मात्र एका रविवारात उतरवता येतो.