आईची वही

आपल्याच आईविषयीं चारचौघांसमोर बोलूं नये असा आमच्या घरचा दंडक आहे. आज तो मोडीत आहें. कारण ती स्वतः आपल्या कामाविषयीं कधींच बोलणार नाहीं.

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजीं झाला. त्याच वर्षीं माझा धाकटा भाऊ जन्मला. तो रांगूं लागतांच त्याच्या गुडघ्यांवर काळेनिळे डाग उमटूं लागले. शेजारणी म्हणत, आई पोराला मारते. पुढें दुधाचा एक दांत पडला, आणि रक्त तीन दिवस थांबेना. तेव्हां निदान झालें: हीमोफिलिया. रक्त गोठविणारा आठवा घटक त्याच्या अंगांत जवळजवळ नव्हताच.

हा दोष बहुधा आईकडून येतो. दोष वाहणाऱ्या स्त्रीच्या प्रत्येक मुलास तो होण्याचा संभव निम्मा. प्रत्येक मुलीस तो पुढें नेण्याचा संभवहि निम्माच. सुमारें एकतृतीयांश रोग्यांच्या घराण्यांत तर पूर्वीं कोणासहि हा विकार झालेला नसतो. शास्त्र एवढेंच सांगतें. आमच्या आजीनें त्याचा अर्थ ‘सुनेनें वंश बुडविला’ असा लाविला. आईनें उलट उत्तर दिलें नाहीं. तिनें एक वही आणली.

औरंगाबादच्या घाटी रुग्णालयांत तिला भोकरदनकडील एक माउली भेटली. तिचाहि मुलगा तसाच. वहींतलें पहिलें नांव त्याचें. मग परतूर, मंठा, अंबड. दिल्लीस अशोक वर्मा या स्वतः रोगी असलेल्या गृहस्थांनीं १९८३ सालीं हीमोफिलिया संघटना काढली होती. तिचें एक पत्रक हातीं आलें, तें आईनें आपल्या बोलींत उतरविलें. सुजलेला सांधा तेलानें चोळूं नका, बर्फ लावा. दंडांत सुई टोचूं देऊं नका. ॲस्पिरिन देऊं नका. चोळूं नका, हें सांगणें सर्वांत अवघड. आपल्याकडे माया चोळण्यांतच असते ना! आणि खेड्यांत बर्फ कोठला? तिनें बाजाराच्या गांवोगांवच्या गोळेवाल्यांशीं बोलणें करून ठेविलें होतें. रात्रीं दार ठोठावलें तरी ते बर्फ देत.

मला तिचा राग येई. माझी परीक्षा, आणि ती मंठ्यास! माझें लग्न ठरूं लागलें तेव्हां तर तिनें पाहुण्यांसमोरच सांगितलें, ‘मुलगी हा दोष वाहणारी असूं शकेल.’ दोन स्थळें मोडलीं. सहा महिने मीं तिच्याशीं अबोला धरला. तिसऱ्या स्थळानें सर्व ऐकून घेतलें आणि होकार दिला.

१९९७ सालीं भावाच्या मेंदूंत रक्तस्राव झाला. तो सोळा वर्षांचा होता. तेराव्याच्या दिवशीं पंगत बसली असतां घनसावंगीचा एक शेतकरी सुजल्या कोपराचें पोर घेऊन दाराशीं उभा राहिला. कोणी तरी त्याला परत जावयास सांगत होतें. आई उठली आणि बर्फाची पिशवी शोधूं लागली.

२०१६ च्या कायद्यानें हा विकार अपंगत्वांत गणला गेला. राज्यांतील कांहीं सरकारी रुग्णालयांत आतां तो घटक विनामूल्य मिळतो. आईला हें ठाऊक आहे. कोणास कोठें पाठवावयाचें तें ती तोंडपाठ सांगते.

वही आतां चौथी. तिला नीट दिसत नाहीं, म्हणून लिहितें मी. गेल्या आठवड्यांत बदनापूरकडील एका मुलाचें नांव लिहिलें. गांवाची वेलांटी चुकली होती. ती तिनें मजकडून वाचून घेऊन दुरुस्त करविली.