विमानाचा काटा आणि आपली शिदोरी

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आम्ही बोलणार आहोत विमानातल्या सामानाबद्दल. तुम्ही म्हणाल, आपण कधी विमानात बसणार? पण बघा, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, खेड, दापोली, चिपळूण, राजापूर, कुठेही जा, किती घरांतली माणसं दुबईला, मस्कतला, कुवेतला आहेत. कुणाचा नवरा, कुणाचा भाऊ, कुणाची लेक. तो माणूस परत निघाला की त्याची बॅग कोण भरतं? आपणच भरतो. म्हणून हा विषय आपलाच आहे.

आधी आमची एक गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या बचत गटातल्या एक भाभी पहिल्यांदाच मस्कतला नवऱ्याकडे निघाल्या. आम्हा सगळ्यांना कोण आनंद! एकीने तांदळाचं पीठ दिलं, एकीने कुळथाचं. आमसुलं, पोह्याचे पापड, फणसपोळी, सोडे, आणि गटाचा मसाला. मसाला तर तिकडच्या चार घरांनी पैसे देऊन मागवला होता, म्हणजे गटाची ती पहिली परदेशची ऑर्डर. बॅगेचं वजन मात्र कुणी केलं नाही. भावाने एका हाताने उचलून गाडीत टाकली, म्हणजे बसेल, हाच आमचा काटा.

मुंबईच्या विमानतळावर बॅग काट्यावर ठेवली. तिकिटात ३० किलो होते, काट्याने ३८ दाखवले. आठ किलो जास्त. काउंटरवरच्या मुलीने जास्तीच्या किलोचा दर सांगितला तेव्हा भाभींना वाटलं, आपल्या ऐकण्यात चूक झाली. आमच्या मसाल्याचा जो किलोचा भाव, त्याच्यापेक्षा तो किलो नेण्याचं भाडं जास्त होतं. मागे रांग उभी. बाजूला जाऊन भाभींनी जमिनीवर बॅग उघडली. पाच किलो पीठ आणि आमसुलं काढून तिथेच ठेवली. उरलेल्या तीन किलोचे पैसे भरले, ते तिकडे उतरल्यावर लागतील म्हणून ठेवलेले. रात्री फोनवर आम्हाला म्हणाल्या, "पैशाचं एवढं नाही गं, सगळ्यांसमोर बॅग उघडायला लागली, त्याचं वाईट वाटलं."

ते ऐकून आम्ही सगळ्या गप्प झालो. चूक त्यांची नव्हती, आमची होती. प्रेमाने बॅग भरली, पण हिशेब केला नाही. तेव्हापासून आम्ही हा विषय नीट समजून घेतला. तोच आज तुम्हाला सांगतो.

पहिला प्रश्न, विमान कंपन्या जास्त सामानाचे पैसे का घेतात? विमानात जितकं वजन जास्त, तितकं इंधन जास्त जळतं. शिवाय विमानाच्या पोटातल्या जागेत कंपनी दुसऱ्यांचा मालही नेते, त्याचं भाडं तिला मिळतं. हे झालं एक कारण. दुसरं कारण कमाईचं. पूर्वी बरंच सामान तिकिटातच धरलेलं असायचं. २००८ साली इंधन महागलं तेव्हा अमेरिकन एअरलाइन्स या मोठ्या कंपनीने देशातल्या प्रवासात पहिल्याच बॅगेला १५ डॉलर लावले, आणि मग बऱ्याच कंपन्या त्या वाटेने गेल्या. आता स्वस्त दिसणाऱ्या तिकिटात पुष्कळदा सामान कमी असतं. म्हणून दोन तिकिटांची तुलना करताना नुसता भाडं बघू नका, किती किलो मिळतात तेही बघा. दोन हजाराने स्वस्त तिकीट घेतलं आणि पाच हजार सामानाला भरले, तर ते स्वस्त कसलं?

आता तिकीट वाचायचं कसं? तिकिटावर 'बॅगेज' असा शब्द असतो. त्याच्यासमोर दोनपैकी एका पद्धतीने लिहिलेलं असतं. एक पद्धत वजनाची, म्हणजे २० किलो, २५ किलो, ३० किलो. आखाती देशांच्या तिकिटांवर बहुतेक हीच असते. दुसरी पद्धत नगांची. तिथे १ पीसी किंवा २ पीसी असं असतं, म्हणजे एक नग, दोन नग. अमेरिका, कॅनडाला जाणाऱ्यांना साधारणपणे ही लागते, आणि साध्या वर्गात एका नगाला बहुधा २३ किलोची मर्यादा असते.

या दोन पद्धतींत मोठा फरक आहे, तो ध्यानात ठेवा. नगांच्या पद्धतीत एक बॅग २६ किलोची आणि दुसरी २० किलोची झाली, तर एकूण ४६ च झाले ना, असं चालत नाही. २६ किलोच्या बॅगेला जास्तीचा आकार लागतो. म्हणून दोन्ही बॅगा सारख्या भरायच्या. वजनाच्या पद्धतीत एकूण किलो बघतात. पण तिथेही एकच बॅग ३२ किलोच्या वर गेली तर ती सहसा घेतच नाहीत, कितीही पैसे दिले तरी. का? तर ती बॅग उचलणारा हमालही माणूसच आहे. त्याची कंबर जाऊ नये म्हणून तो नियम आहे.

आकारालाही मर्यादा असते. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची मोजून बेरीज करायची. ती बहुतेक ठिकाणी १५८ सेंटीमीटरच्या आत लागते. म्हणजे जास्तीचे पैसे तीन कारणांनी लागू शकतात: नग जास्त, वजन जास्त, आकार जास्त.

वजन घरी कसं करायचं? अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात उभं राहायचा काटा असतो. आधी आपण एकट्याने उभं राहायचं, आकडा लिहायचा. मग बॅग उचलून उभं राहायचं. दुसऱ्यातून पहिला वजा केला की बॅगेचं वजन. लटकवायचा छोटा काटाही बाजारात मिळतो. आमच्या गटाने एक घेतलाय, तो गावभर फिरतो. आणि रिकाम्या बॅगेचं वजन करायला विसरू नका. कडक पाठीची मोठी बॅग रिकामीच चार-पाच किलो भरते. तेवढं पीठ गेलं की तुमचं! घरचा काटा आणि विमानतळाचा काटा थोडा पुढेमागे असतो, म्हणून एक किलो कमीच भरा.

एवढं करूनही सामान जास्त झालं तर? तर घरी असतानाच कंपनीच्या ॲपवरून किंवा तिकीट काढून देणाऱ्या एजंटकडून जास्तीचे किलो विकत घ्या. बहुतेक कंपन्यांचा आधी घेतलेल्या किलोचा दर विमानतळावरच्या दरापेक्षा कमी असतो. पण विमान सुटायच्या काही तास आधी ही सोय बंद होते, तेव्हा बॅग आदल्या रात्री नाही, दोन दिवस आधी भरा. आणि तेव्हा एक साधा हिशेब करा. समजा, जास्तीच्या किलोला ५०० रुपये पडतात. तर १०० रुपयांचं पीठ ५०० रुपये देऊन न्यायचं का? तिकडे तांदळाचं पीठ मिळतं. घरचा मसाला मिळत नाही. मग मसाला ठेवा, पीठ काढा.

कुटुंबाने एकत्र जात असाल तर तिकिटं एकाच बुकिंगवर काढा. वजनाच्या पद्धतीत बऱ्याच कंपन्या सगळ्यांचे किलो एकत्र धरतात. आणि दोन वेगळी तिकिटं जोडून जाणार असाल, तर दोन्हींवरचं वजन बघा. देशातल्या विमानाला साधारण १५ किलो मिळतात आणि पुढच्या आखाती तिकिटावर ३० असतात. पहिल्याच टप्प्यात अडकायला होतं.

हातातल्या बॅगेला बहुधा ७ किलोची मर्यादा असते. तिच्यात औषधं, कागदपत्रं, दागिने आणि पैसे ठेवा. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक हातातच ठेवायची, मोठ्या बॅगेत चालत नाही. तूप, तेल, लोणचं मात्र मोठ्या बॅगेत, घट्ट बांधून.

आता जे बोलणार आहोत ते पैशापेक्षा मोठं आहे. अख्खं सुकं खोबरं बॅगेत घालू नका. त्यात तेल असतं, ते तापून पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात त्याला मनाई आहे. आणि खसखस! आपल्याला ती मसाल्यातली साधी वस्तू. पण ती अफूच्या बोंडातून येते. संयुक्त अरब अमिरात आणि सौदी अरेबियात ती अमली पदार्थात धरतात, आणि तिच्यापायी माणूस तुरुंगात जाऊ शकतो. आपल्या मालवणी मसाल्यात खसखस असते, बायांनो. आम्ही भाभींच्या बॅगेत तोच मसाला घातला होता. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो. आखातात कुठेही पाठवायचा मसाला बिनखसखशीचाच करा. आणि दुसऱ्याने दिलेली बंद पुडी, कितीही ओळखीचा असला तरी, उघडून बघितल्याशिवाय नेऊ नका.

बॅग हरवली किंवा फुटली तर? विमानतळाबाहेर पडण्याआधीच कंपनीच्या माणसाकडे लेखी तक्रार द्या आणि तिची प्रत घ्या. बॅगेला चिकटवलेल्या पट्टीचा अर्धा भाग आपल्याकडे देतात, तो टाकू नका. १९९९ साली मॉन्ट्रियलला झालेला देशादेशांमधला एक करार आहे, भारत त्यात २००९ पासून आहे. त्याप्रमाणे बॅग खराब झाली तर सात दिवसांत आणि उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून एकवीस दिवसांत लेखी तक्रार करायची असते. चुकीचे पैसे घेतले असं वाटलं तर पावती मागा. पावती असेल तर पुढे भांडता येतं. केंद्र सरकारची एअरसेवा ही तक्रारीची सोय आहे, आणि ग्राहकांसाठी १९१५ हा फोन नंबर आहे.

मैत्रिणींनो, भाभी गेल्या वर्षी सुट्टीवर आल्या होत्या. परत जाताना बॅग आम्ही सगळ्यांनी मिळून भरली, काट्यावर ठेवली. २९ किलो. आता आमच्या गटाच्या प्रत्येक पाकिटावर वजन लिहितो आणि आत काय काय आहे तेही. आखातासाठी वेगळा मसाला करतो, त्यावर ठळक लिहितो, 'खसखस नाही'. गिऱ्हाईकं वाढली आहेत, कारण नेणाऱ्याला पाकीट हातात घेताच हिशेब कळतो. त्या दिवशी विमानतळावर ठेवून दिलेलं पाच किलो पीठ वाया गेलं, पण शिकवण वाया गेली नाही.

तुमच्या घरून कुणी निघणार असेल तर आज एवढंच करा. तिकीट मागून घ्या, 'बॅगेज'समोर काय लिहिलंय ते मुलांकडून वाचून घ्या, आणि तो आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. मग खुशाल शिदोरी बांधायला बसा.