येसूबाई मागं थांबल्या

शृंगारपूरच्या शिर्क्यांची लेक येसूबाई, संभाजीराजांची राणी. १६८९ साली राजे गेले, रायगडाला वेढा पडला. पदरात शाहू, सहा-सात वर्षांचा. पण त्या माउलीनं लेकाच्या गादीचा हट्ट नाही धरला. दीर राजारामांना गडाबाहेर काढलं, आपण मागं थांबली. गड गेला, मायलेकरं कैद झाली.

बादशहाची छावणी काही वर्षं भीमाकाठी ब्रह्मपुरीला होती. पंढरीवरनं आलेलं पाणी तिथनंच पुढं जातं बघा! आपल्याला वारीत तिसऱ्या मुक्कामालाच गोठ्यातली गाय आठवते.

१७०७ ला शाहूराजे सुटले, आई ओलीस राहिली. १७१९ ला बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून साताऱ्याला आणली. पंचविशीत दुरावलेला लेक तवा सदतीस वर्षांचा झाला होता.