खिद्रापूरचा श्री कोपेश्वर
(कलशारोहण समारंभात ग्रामस्थांपुढे झालेले भाषण)



श्रीकृपेने आज आपल्या देवळावर कळस चढला. कुणी सिमेंटची पोती दिली, कुणी बैलगाडीने वाळू ओढली, कुणी नुसते अंगमेहनतीचे चार दिवस दिले. सर्वांची सेवा देवाच्या पायाशी रुजू झाली. अशा दिवशी आपल्याच शिरोळ तालुक्यातील एका जुन्या देवळाची हकीकत ऐकावी, हे उचित होईल.

कृष्णाकाठी खिद्रापूर हे लहानसे गाव. तेथे श्री कोपेश्वर नांदतो. कोप म्हणजे राग. दक्ष प्रजापतीने यज्ञ मांडला, सर्व देवांना बोलावले, पण जावयाला आमंत्रण धाडले नाही. माहेरची ओढ मोठी. सती नंदीवर बसून निघाली. माहेरी तिचा अपमान झाला आणि तिने यज्ञकुंडात उडी घेतली. महादेवाचा कोप अनावर झाला, वीरभद्राने यज्ञाचा विध्वंस केला. पुढे रागावलेला महादेव येथे येऊन बसला आणि त्याची समजूत काढायला विष्णू आला. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगे आहेत, एक कोपेश्वर आणि दुसरे धोपेश्वर, म्हणजे विष्णू. रागावलेल्या माणसाला एकटे सोडू नये, एवढे आपल्या आयाबायांना ही कथा न ऐकताही कळते.

या देवळापुढे नंदी नाही. प्रथम जाणारा भाविक गोंधळतो. सती नंदीवर बसून यज्ञाला गेली, तो नंदी तिकडेच राहिला अशी श्रद्धा आहे, आणि तो यडूरला दाखवतात. यडूरही कृष्णेकाठचेच, तेथे वीरभद्राचे देऊळ आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा महादेव मुंबई राज्यात आणि नंदी म्हैसूर राज्यात गेला. भाविकांनी मात्र ती सरहद्द कधी मोजली नाही.

आता इतिहास. देवळाचे मुख्य बांधकाम बाराव्या शतकातले, शिलाहार राजांच्या काळातले. गंडरादित्य शिलाहाराचे नाव त्याच्याशी जोडले जाते. पुढे देवगिरीच्या यादवांचा अंमल आला. दक्षिण दरवाजाजवळ सिंघण यादवाचा संस्कृत शिलालेख आहे, शके ११३६ चा. देवाच्या पूजाअर्चेसाठी मिरिंज देशातील कूडलदामवाड हे गाव इनाम दिल्याची नोंद त्यात आहे. मिरिंज म्हणजे आपली मिरज. कचेरीच्या भाषेत सांगायचे तर हा दगडावर केलेला फेरफार. कागदाला वाळवी लागते, दप्तर पुरात भिजते. ही नोंद आठशे वर्षे जागेवर आहे. बाकीचे लेख बहुतेक कन्नडमध्ये आहेत, कारण त्या काळी या मुलखाचा राज्यकारभार कन्नडात चाले.

देवळाच्या पुढच्या भागाला स्वर्गमंडप म्हणतात. अठ्ठेचाळीस खांब आणि मधोमध छताला वाटोळे मोकळे आभाळ! खाली त्याच मापाची वाटोळी रंगशिळा. होमाचा धूर जावा म्हणून ते उघडे ठेवले असे कोणी म्हणतात, काम अपुरे राहिले असेही कोणी म्हणतात. पाहणाऱ्याला ते अपुरे वाटत नाही. त्रिपुरारी पौर्णिमेला मध्यरात्रीच्या सुमारास चंद्र त्या वर्तुळावर येतो आणि चांदणे थेट शिळेवर उतरते. ते पाहायला दुरून लोक येतात, पणत्या लावतात. महाशिवरात्रीला यात्रा आणि श्रावणातल्या सोमवारी दर्शनाची गर्दी, हे तर आहेच.

बाहेरून पीठावर हत्तींची रांग आहे, देऊळ जणू पाठीवर पेलून उभी. अनेकांच्या सोंडा तुटलेल्या आहेत. कुणी त्या सिमेंटने जोडल्या नाहीत, कुणी हत्तींना रंग फासला नाही. पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे म्हणून ते टिकले, हे खरे. २००५ आणि २०१९ च्या महापुरात कृष्णेने या सगळ्या पट्ट्याला वेढले, तरी ते दगड उभे आहेत.

सज्जनहो, हे सांगण्याला कारण आहे. आपल्या जुन्या मंडपाचे सहा खांब आणि पाया खोदताना निघालेले दोन वीरगळ आज विहिरीपाशी पडून आहेत. एका वीरगळावर धुणे आपटले जाते. ते फोडून कुंपणाच्या भिंतीत घालावेत, म्हणजे खडीचा खर्च वाचेल, असा विचार बैठकीत निघाला. विचार मांडणाऱ्यांची भक्ती कमी नाही, वर्गणीचा हिशोब त्यांनाच जुळवायचा असतो. पण वीरगळ म्हणजे गाव राखताना, गुरे सोडवताना पडलेल्या माणसाचा दगड. त्याचे नाव कुणाला ठाऊक नाही. तो याच शिवारातला असणार, कदाचित येथे बसलेल्यांपैकी कुणाचा पूर्वज. खडी बाजारात मिळते.

जुन्या गाभाऱ्याच्या चौकटीला ऑइलपेंट देण्याचेही घाटत आहे. रंग दोन वर्षे चमकतो, मग पापुद्रे सुटतात, आत कोंडलेली ओल दगड खाते, आणि रंग खरवडताना कोरीव काम जाते. नुसत्या पाण्याने आणि मऊ कुंच्याने धुतली तरी चौकट उठून दिसेल.

राहता राहिली देणगीदारांची नावे. नाव कोरण्यात गैर काहीच नाही, सिंघण राजानेही कोरलेच की! फक्त ती फरशी नव्या ओवरीच्या भिंतीत बसवावी, जुन्या खांबाला भोके पाडून नव्हे.

येत्या रविवारी बैठक आहे. खांब ओवरीत उभे करण्याचा आणि वीरगळ पिंपळाच्या पारावर मांडण्याचा खर्च गवंड्याकडून काढून आणला आहे, तो तेथे वाचून दाखवला जाईल. आणि त्रिपुरारी पौर्णिमेला खिद्रापूरला ट्रॅक्टर न्यायचा आहे. ज्यांना यायचे त्यांनी ग्रामपंचायतीत नावे द्यावीत. म्हाताऱ्या माणसांना पुढे जागा राहील.