खिडकी कोठें उघडावी?

सेलूच्या स्थानकावरून पूर्वी माल मनमाडास जाई, तेव्हां येथील लोहमार्ग एक मीटर रुंदीचा होता आणि मनमाडाहून मुंबईस जाणारा मार्ग १६७६ मिलिमीटर रुंदीचा होता. डबे मजबूत असले तरी रूळ बदलतांच माल उतरवून पुन्हां भरावा लागे. संगणकाच्या पडद्यावरील खिडक्यांचीही आज तशीच अडचण आहे.

एखाद्या प्रोग्रॅमनें 'आडवें शंभर, उभें शंभर या बिंदूवर खिडकी ठेव' अशी आज्ञा केली, तर ती सर्वत्र सारखीच पाळली जाईल असें वाटतें. तसें घडत नाहीं. विंडोजमध्यें मोजणी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालीं होते. मॅकच्या मूळ रचनेंत ती खालच्या डाव्या कोपऱ्यापासून वर होते. त्याच आंकड्यांनीं खिडकी एकीकडे माथ्याशीं, तर दुसरीकडे तळाशीं येते.

दुसरें कारण चौकटीचें. लिनक्सवर चालणाऱ्या, १९८७ सालच्या एक्स-११ पद्धतींत चौकट बसविण्याचें काम खिडकी-व्यवस्थापक हा निराळा कारभारी करतो. तोंवर तिची जाडी प्रोग्रॅमला ठाऊक नसते. क्यूट या साधनसंचांत जागेचें एक माप चौकटीसह, तर दुसरें चौकटीवांचून मिळतें. एक जपून ठेवलें आणि दुसऱ्यानें खिडकी मांडली, तर ती प्रत्येक खेपेस थोडी सरकते.

२००८ सालीं आरंभ झालेल्या वेलँडनें तर मुख्य खिडकी कोठें आहे हें प्रोग्रॅमला सांगणेंच बंद केलें. मांडणी घरधन्यानें करावी, पाहुण्यानें नव्हे, असा त्यामागील विचार आहे.

यांत सामान्य माणसाचें काय जातें? समजा, अडतीच्या दुकानांतील कारकुनानें हिशेबाची खिडकी दुसऱ्या पडद्यावर ठेविली आणि पुढें तो पडदा काढला. खिडकी जुन्याच जागीं उघडली, तर ती दिसतच नाहीं. हिशेब बुडाला असें समजून तो नोंद पुन्हां करतो आणि एकच रक्कम दोनदां चढते. अशा वेळीं विंडोजमध्यें ऑल्ट व टॅब या कळांनीं ती खिडकी निवडावी. मग विंडोजची कळ धरून डावा वा उजवा बाण दाबावा.

प्रोग्रॅम रचणारानें मात्र खिडकीचा आकार जपावा, जुनी जागा आजच्या पडद्यावर आहे कीं नाहीं हें आधीं तपासावें, आणि नसल्यास मांडणी यंत्रणेवर सोपवावी. आपल्या टेबलावरील आंकडे परगांवच्या पडद्यास लागू पडतीलच असें त्यानें धरून चालूं नये.