उत्तर जपानचे ऋतूत्सव आणि ते सांभाळणारी माणसे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेले व्याख्यान)



आजच्या या आनंदाच्या प्रसंगी परदेशातील लोकजीवनाविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. जपानचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर तोकियो आणि क्योतो ही नगरे उभी राहतात. मी मात्र आपणांस त्या देशाच्या उत्तरेकडील तोहोकु या प्रांतात नेणार आहे. तोहोकु म्हणजे ईशान्य. होन्शू या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाकडील आओमोरी, आकिता, इवाते, यामागाता, मियागी आणि फुकुशिमा हे सहा जिल्हे मिळून हा प्रांत होतो.

या प्रांताचे उत्सव समजावयाचे, तर आधी तेथील हवामान समजले पाहिजे. मधोमध दक्षिणोत्तर डोंगररांग गेली आहे. हिवाळ्यात सैबेरियाकडून येणारे वारे जपानच्या समुद्रावरून बाष्प उचलतात आणि डोंगराच्या पश्चिमेस पुरुषभर हिम टाकतात. पूर्व किनाऱ्यावर काही वर्षी ऐन उन्हाळ्यात थंड, दमट वारा वाहतो. त्याला तेथे ‘यामासे’ म्हणतात. तो वाहू लागला की भात पोसत नाही. 1780 च्या दशकातील तेन्मेई दुष्काळात या प्रांताने अपरिमित मनुष्यहानी सोसली. अशा भूमीतील लोक ऋतूकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहत नाहीत. पुढच्या वर्षी पोट भरेल की नाही, हेही त्यांना ऋतूच सांगतो. म्हणून तेथील बहुतेक उत्सवांच्या मुळाशी पीक, पाणी अथवा आरोग्य यांची प्रार्थना आढळते.

हिवाळ्यापासून आरंभ करू. आकिता जिल्ह्यातील योकोते गावी फेब्रुवारीत ‘कामाकुरा’ नावाचा उत्सव होतो. बर्फाचे मोठे ढीग रचून ते आतून कोरतात आणि लहानशी गुहेसारखी खोली करतात. आत समोरच्या भिंतीत कोनाडा करून जलदेवतेची स्थापना होते. मुले आत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांस हाका मारतात आणि तांदळाचे गोड, ऊन पेय व भाजलेले तांदळाचे पिठूळ गोळे देतात. पाहुण्याने देवीपुढे नमस्कार करावा आणि मुलांच्या हातचे घ्यावे, एवढाच विधी. यजमानपण तेथे मुलांकडे असते, ही गोष्ट मला विशेष वाटते.

एप्रिल अखेरीस हिरोसाकी येथील किल्ल्याच्या बागेत सुमारे 2,600 साकुरावृक्ष फुलतात आणि गळालेल्या पाकळ्यांनी खंदकाचे पाणी झाकून जाते. आओमोरी जिल्हा सफरचंदांचा; जपानमधील निम्म्याहून अधिक सफरचंदे तेथे पिकतात. सफरचंदाच्या झाडाची छाटणी करण्याची विद्या तेथील माळ्यांनी साकुरावर योजिली. त्यामुळे सामान्यतः साठ वर्षांच्या आसपास खंगू लागणारी ही झाडे तेथे शंभरी ओलांडूनही बहरतात.

उन्हाळा म्हणजे मोठ्या उत्सवांचा काळ. जपानने 1873 मध्ये पाश्चात्त्य कालगणना स्वीकारली. तेव्हा जुन्या चांद्र तिथींशी ऋतूचा मेळ राहावा, म्हणून अनेक ठिकाणी सातव्या महिन्याचे उत्सव ऑगस्टमध्ये करण्याची वहिवाट पडली. सेंदाई येथील तानाबाता 6 ते 8 ऑगस्टला होतो. आकाशातील विणकर कन्या आणि गुराखी विवाहानंतर आपापले काम विसरले, म्हणून त्यांची ताटातूट झाली. आता वर्षातून एकदाच आकाशगंगा ओलांडून त्यांची भेट होते, अशी ही कथा. त्यांतील कन्या म्हणजे आपला अभिजित तारा आणि गुराखी म्हणजे श्रवण. बाजारपेठेत उंच वेळूंना रंगीत कागदाचे भव्य झुबके टांगतात आणि त्यांखालून माणसे जातात.

आओमोरीचा नेबुता 2 ते 7 ऑगस्टपर्यंत चालतो. लाकूड व तार यांच्या सांगाड्यावर कागद चिकटवून, रंगवून, आतून दिवे लावून वीरपुरुष, दैत्य आणि देवता यांची प्रचंड चित्रे घडवितात व गाड्यांवरून मिरवितात. शेवटच्या रात्री काही चित्रे नावांवर चढवून समुद्रात फिरवितात. उन्हाळ्यातील झोप आणि आळस पाण्यात सोडून देण्याच्या जुन्या प्रथेतून हा उत्सव आला, असे मानतात.

त्याच आठवड्यात आकिता शहरी ‘कान्तो’ होतो. सुमारे 12 मीटर उंचीच्या वेळूला आडव्या काठ्या बांधून 46 कंदील टांगतात. पेटत्या कंदिलांनी भरलेला तो वेळू दाण्यांनी लवलेल्या भाताच्या लोंबीसारखा दिसतो. वजन सुमारे 50 किलो. एकच माणूस तो तळहातावर, कपाळावर, खांद्यावर आणि कमरेवर तोलून धरतो. प्रत्येक आळीचे चिन्ह तिच्या कंदिलांवर असते. लहान मुलांसाठी 5 मीटर उंचीचा, 5 किलो वजनाचा वेगळा वेळू असतो. आज कपाळावर मोठा वेळू तोलणारा माणूस कधीकाळी तो लहान वेळू घेऊन पडत-धडपडत शिकलेला असतो.

11 मार्च 2011 रोजी या प्रांताच्या पूर्व किनाऱ्यावर 9.0 तीव्रतेचा भूकंप आणि त्यामागून समुद्राची लाट आली. पंधरा हजारांहून अधिक माणसे दगावली. इतका शोक असता उत्सव करावेत काय, हा प्रश्न तेथेही उभा राहिला. त्याच वर्षी जुलैमध्ये सहाही जिल्ह्यांचे प्रमुख उत्सव सेंदाई येथे एकत्र भरले. मृतांच्या आत्म्यांस शांती मिळावी, हा त्यामागील हेतू होता. ऑगस्टमध्ये सेंदाईचा तानाबाताही झाला. जो उत्सव पूर्वी दुष्काळाच्या छायेत टिकला, तो या संकटातही लोकांना आधार झाला.

परंतु भूकंपाने जे मोडले नाही, ते दुसऱ्या एका कारणाने मोडते. आजच्या भाषणात मला विशेषत्वाने सांगावयाचे आहे ते हेच. इवाते जिल्ह्यातील ओशू येथे कोकुसेकिजी नावाचे बौद्ध मंदिर आहे. तेथील ‘सोमिनसाई’ हा उत्सव हजार वर्षांहून जुना मानला जाई. भर हिवाळ्यात, कडाक्याच्या थंडीत, लंगोट नेसलेले पुरुष नदीच्या पाण्याने स्नान करीत आणि ताईत भरलेली एक थैली मिळविण्यासाठी झटत. या ताइतांची तयारी आणि सारी व्यवस्था मंदिराशी पिढ्यान्‌पिढ्या बांधलेल्या मूठभर घराण्यांकडे होती. त्या घरांतील माणसे वृद्ध झाली, तरुण शहरांत गेले, आणि भार उचलण्यास मागे कोणी उरले नाही. 17 फेब्रुवारी 2024 रोजी तो उत्सव अखेरचा झाला. मंदिरातील प्रार्थना चालू राहिली, पण उत्सव थांबला. पाहणाऱ्यांची गर्दी होतीच. करणाऱ्यांचे हात मात्र उरले नव्हते.

याच्या शेजारी आकितातील ओगा द्वीपकल्पाचे उदाहरण ठेवून पाहा. तेथे 31 डिसेंबरच्या रात्री उग्र मुखवटे आणि गवती झूल घातलेले ‘नामाहागे’ घरोघर येतात, रडणाऱ्या व आळशी मुलांची चौकशी करतात आणि यजमान त्यांचा सत्कार करून त्यांना निरोप देतो. 2018 मध्ये युनेस्कोने जपानमधील अशा दहा प्रथांची एकत्र नोंद केली. हा वेष पूर्वी गावातील अविवाहित तरुणांनीच घ्यावयाचा. तरुण कमी पडू लागले, तेव्हा काही वाड्यांनी विवाहितांना, पुढे बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांनाही तो वेष दिला. काही वृद्धांस ते रुचले नसेल. परंतु त्या वाड्यांत वर्षअखेरीस दारावर थाप अजूनही पडते.

सोमिनसाईला ज्याचे नाव आहे, त्या सोमिनची कथा सांगून मी आपली रजा घेतो. एक देव प्रवासी होऊन हिंडत होता. एका धनिकाने त्याला दारातून परत पाठविले. सोमिन नावाच्या दरिद्री माणसाने मात्र त्याला घरात घेऊन जे होते ते वाढले. प्रसन्न होऊन देवाने सांगितले की, तुझ्या वंशजांस रोगराई बाधणार नाही. म्हणून जपानमध्ये अनेक घरांच्या दारांवर ‘हे सोमिनच्या वंशजांचे घर’ अशा अर्थाची पाटी अथवा ताईत लावतात. त्यांची वंशावळ कोणी तपासत नाही. अतिथीला दार उघडणारा तो सोमिनचा वंशज, एवढेच तेथे पुरेसे धरले जाते.

बंधु-भगिनींनो, आपलेही हे मंडळ वंशाच्या नात्याने जमलेले आहे आणि त्याचा आपणांस योग्य अभिमान आहे. आजच्या कार्यक्रमाची मांडणी कोणी केली, पंगतीत कोण वाढीत होते, हिशेब कोण लिहीत आहे, याकडे एकवार पाहावे. दरवर्षी तीच चार-सहा वडील माणसे दिसतील. त्यांच्या हातातील वेळू मोठा आहे. तो एकदम कोणाच्या कपाळावर राहणार नाही. म्हणून पुढील वर्षी एखादे लहानसे काम आपल्या मुला-मुलींवर, सुनांवर, जावयांवर सोपवावे, ते चुकले तरी सोपवावे, एवढीच माझी नम्र विनंती आहे.