ट्रॅक्टरचा हप्ता थकतो तेव्हा
(रब्बी शेतकरी मेळाव्यातील भाषण)



मला आज हरभऱ्याच्या लागवडीवर बोलायचे आहे. परंतु मागील मेळाव्यात जेवणाच्या वेळी तिघा-चौघांनी मला बाजूला घेऊन जो प्रश्न विचारला, तो ट्रॅक्टरच्या हप्त्याचा होता. म्हणून आधी त्याविषयी बोलतो.

माझ्या चुलत्यांनी ट्रॅक्टर घेतला, तेव्हा हप्ता महिन्याचा ठरला. सोयाबीनचा पैसा येतो ऑक्टोबर-नोव्हेंबरात, हप्ता मात्र जूनच्या पाच तारखेलाही दारात उभा. खता-बियाण्यात हात अडकलेला; दोन हप्ते राहिले आणि फोन सुरू झाले. काकांनी फोन घेणेच बंद केले. मग तो फोन गेला माझ्या चुलतबहिणीच्या सासरी, कारण अर्जावर ओळखीची व्यक्ती म्हणून जावयांचा नंबर दिलेला होता. त्या दिवाळीला लेकीला आणायला काका गेले नाहीत, मला पाठवले.

सोयऱ्यांकडे असा फोन करणे नियमात बसत नाही. रिझर्व्ह बँकेने १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात बँका व वित्त कंपन्यांना स्पष्ट बजावले आहे. सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर वसुलीचा फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, चारचौघांत अपमान, नातेवाईक वा ओळखदार यांना त्रास, हे सर्व वर्ज्य आहे. पतसंस्था मात्र रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येते. तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे करावी.

पण फोन न घेणे हीदेखील चूकच. फोन घ्यावा, बोलणाऱ्याचे नाव व कंपनी विचारावी, तारीख-वेळ वहीत टिपावी. हिशेब ठेवणारे आपण, फवारणीची तारीख लिहितो, मग ही का लिहू नये? "पैसे केव्हा येतील" याचे उत्तर खरे द्यावे. फोन ठेवावा म्हणून दिलेला वायदा आठवड्याने अंगावर येतो. घरी आलेल्या माणसाचे ओळखपत्र व अधिकारपत्र पाहावे. रोख रक्कम पावतीशिवाय देऊ नये आणि फोनवर सांगितलेल्या परक्या खात्यात पैसे भरू नयेत. वसुलीच्या नावाने फसवणारेही आहेत.

यानंतर शाखेत जाऊन खात्याचा उतारा लेखी मागावा. मुद्दल, व्याज व दंड वेगवेगळे पाहावेत. दंडाची रक्कम मुद्दलात मिळवून तिच्यावर पुन्हा व्याज लावता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०२३ चा आदेश आहे व तो २०२४ पासून लागू झाला.

कोणी म्हणतो, "माझा ट्रॅक्टर कोण नेतो ते बघतो." ही भाषा उपयोगाची नाही. थकबाकीत वाहन ताब्यात घेण्याची अट बहुतेक करारांत असते आणि आपण तेथे सही केलेली असते. मात्र त्यासाठी गुंड पाठवता येत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये वाहनकर्जाच्याच एका प्रकरणात सुनावले. बळजबरी झाल्यास पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्यावी. परंतु हेही ध्यानात ठेवावे की, ओढून नेलेला ट्रॅक्टर लिलावात कमी किमतीला गेला, तर उरलेली रक्कम आपल्याकडेच मागितली जाते.

त्रासाची तक्रार प्रथम त्याच बँकेकडे वा कंपनीकडे लेखी करून पोच घ्यावी. तीस दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यास फी नाही.

आम्ही काकांच्या वहीतील फोनच्या नोंदी जोडून अर्ज दिला आणि त्याच अर्जात हप्ते सहामाही करून मागितले. शाखेत तीन खेपा झाल्या. आता त्यांचे हप्ते नोव्हेंबर-अखेर व मार्च-अखेर असतात, सोयाबीन आणि हरभरा विकून झाल्यावर. व्याज थोडे जास्त पडते, ते काकांनी मान्य केले. नवा ट्रॅक्टर घेणाऱ्यांनी ही मागणी सहीच्या आधीच करावी, तेव्हा ती लवकर मान्य होते. आणि ओळखीची व्यक्ती म्हणून लेकीच्या सासरचा नंबर देऊ नये.

(भाषणातील हरभरा लागवडीचा भाग पुढील अंकात.)